उघड्या डोळ्यांचं ध्यान

नाव: श्रीमती बिलकीस मोहियोद्दीन शेख. पद: सहशिक्षिका, इयत्ता सातवी-आठवी. वय: सत्तेचाळीस. विशेष कौशल्य: निरंक. सोपवलेला उपक्रम: परिपाठानंतर रोज दहा मिनिटे ध्यान. शेरा: सदर शिक्षिका विद्यार्थ्यांना डोळे उघडे ठेवून ध्यानास बसवतात. सुधारणा आवश्यक.

तपासणीला आलेल्या साहेबांच्या वहीतला हा मजकूर शब्दशः खरा आहे. त्यामागे एक मोडलेलं मनगट आहे, तेवढं वहीत मावलं नाही.

आखाडा बाळापूरच्या पलीकडच्या त्या गावात जमीन अधूनमधून बोलते. खालून ट्रक गेल्यासारखी घरघर होते, पत्रे थरथरतात, भांडी किणकिणतात आणि सगळं पुन्हा गप्प. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सखुबाई म्हणतात, "धरणी कूस बदलून राहिली. तिला का झोप लागत आसंल?" तज्ज्ञ येऊन गेले, त्यांनी हेच जरा लांबवून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी अशाच घरघरीला अख्खा वर्ग एका दारावर तुटून पडला. जमिनीनं कुणाला काही केलं नाही. उझ्माचं मनगट मोडलं ते वर्गमित्रांच्या पायाखाली. त्यानंतर कुणी नुसतं बाकडं ओढलं तरी पोरं दाराकडं झेपावू लागली. म्हणून ध्यानाचा आदेश आला तेव्हा इतर शाळांनी तो फायलीला लावला आणि बिलकीसबाईंनी तो दोनदा वाचला. औषध आपल्याच दुखण्याचं निघालं.

गावात कुजबुज झालीच. वर्गातल्या रुद्रच्या वडलांनी विचारलं, "बाई, हे नमाजाचं तर न्हाई?" उझ्माच्या अब्बांनी विचारलं, "ये पूजा का तो नै ना?" बाईंनी दोघांना एकच उत्तर दिलं, "श्वासाचं हाय. तो दोघांकडं बराबर हाय."

डोळे मिटायचे, ते बाईंनी घंटी वाजवल्यावरच उघडायचे; तीन महिन्यांत पोरं तयार झाली. इतकी, की एके सकाळी ध्यान चालू असताना घरघर झाली, कोपऱ्यातला गिलावा धपकन खाली आला, आणि एकाचीही पापणी हलली नाही.

बाईंनी विचारलं, "आरे, उठले काहून न्हाईत?"

"तुमी घंटी कुठं वाजवली?" रुद्र डोळे मिटूनच म्हणाला.

त्या दिवशी बाईंना भाकरी गोड लागली नाही. चेंगरणारा वर्ग मोडून त्यांनी न हलणारा वर्ग घडवला होता. छत खाली आलं असतं, तर फरक एवढाच, की हा वर्ग शिस्तीत गेला असता.

दुसऱ्या दिवसापासून डोळे उघडे, तोंड दाराकडं आणि चपला पायातच.

"आवाज आला की एक श्वास. पुरता. मंग उठायचं, दाराजवळचा पहिला. घंटीची वाट पाहायची न्हाई, माझीबी न्हाई."

"आन् तुमी, बाई?"

"मी शेवटी. मला ढकलायला मागं कोण हाय?"

पोरं हसली. पण हे रोज झालं. परीक्षेच्या दिवशीही, श्रावणातल्या अर्ध्या शाळेलाही.

मग केंद्रप्रमुख धनसिंग राठोड तपासणीला आले. त्यांना वर पाठवायला फोटो हवा होता.

"मॅडम, डोळे उघडे ठेवून कुठं ध्यान असतं व्हय? फोटोपुरते तरी मिटू द्या."

"न्हाई, सर. एकदा मिटायची सवय लागली की उघडायला सांगावं लागतं. सांगायला मी आसंनच असं न्हाई."

साहेबांनी तिथंच शेरा लिहिला. मग नमुना दाखवायचा म्हणून मोबाइल बाईंच्या हाती दिला, बूट दाराबाहेर काढले, वर्गापुढं मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. "आता काढा फोटो."

तेवढ्यात जमीन बोलली. पत्रे थरथरले. सगळ्या छात्या एकदाच वर गेल्या, खाली आल्या. मग दाराजवळची उझ्मा उठली, तिच्यामागं रांग. धक्का नाही, आरडाओरड नाही. वर्ग रिकामा झाल्यावर बाई वळल्या. साहेब तसेच ताठ बसलेले.

"सर, उठा."

"निघाला का फोटो?"

बाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

बाहेर लिंबाखाली मोजणी झाली. पोरं एकतीस, सगळी चपला घातलेली. साहेब बत्तिसावे, अनवाणी.