पाणकावळ्यांचा वाटा

माझ्या धाकट्या दिरानं शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून पाचोडच्या शेतात तळं खोदलं आणि मासे पाळायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत मोठी बोंब सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मारली. आबा माळकरी. अंड्यांचा गाडा दिसला तरी रस्ता बदलणारे. पण तळ्यात बोटाएवढी पिल्लं सोडली, त्यांच्यावर पाणकावळे उतरले, आणि आबाच काठावर जाऊन बसले. "मासे खाणं वेगळं अन् पोराचं नुकसान बघणं वेगळं," हा त्यांचा खुलासा. मला तो फारसा पटला नाही, पण आबांशी वाद घालण्यापेक्षा भाकरी थापलेल्या बऱ्या.

आम्ही नवरा-बायको शहरात, उस्मानपुऱ्यात राहायचो आणि सुट्टीला शेतात जायचो. जावं तेव्हा आबा तळ्यावर हजर, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. पाण्यावर आडव्यातिडव्या दोऱ्या, त्यांना सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. पाणकावळा लांबून दिसला की डबा असा बडवायचे की शेजारच्या रानातली म्हैस दावं तोडायला बघायची. जेवण तिथंच, दुपारची झोप बंद. दीर मला हळूच म्हणाला, "वहिनी, आम्ही लहान असताना आबा आमच्यापाशी असं कधी बसले नाय." गमतीत म्हणाला, पण धास्तावलेला होता. मासे विकले गेले नाहीत तर पुन्हा कारखान्याच्या गेटावर जाऊन उभं राहायचं होतं.

मासे न्यायला व्यापारी आला, त्यानं जाळं ओढलं. जाळं गच्च भरलेलं, पण मासे जेमतेम वीतभर. डोकी मोठी, अंगं काटकुळी.

"गर्दी लई झाली," व्यापारी म्हणाला. "कुणालाच पोटभर मिळालं नाय. पिल्लं किती सोडली होती?"

"दुप्पट," दीर कसाबसा म्हणाला. "पिल्लं विकणाराच म्हणला, निम्मे पाखरं खात्यात, त्या हिशोबानं सोडा."

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबांनी पाखरांचा वाटा पाखरांना मिळूच दिला नव्हता. मला हसू आवरेना. मग त्यांचा चेहरा दिसला आणि माझंच मला वाईट वाटलं.

उपाय एकच होता, निम्मे मासे काढायचे. शेजारच्या चाचांचं तळं पाखरांनी पार साफ केलं होतं. ते म्हणाले, "आबा, तुमने तो एक बी मरने नै दिया! द्या निम्मे इकडं." पिंपं भरभरून मासे तिकडं गेले. मागं राहिलेले पुढं चांगले वाढले, विकलेही गेले, आणि दिराचं गेटावर जाणं टळलं.

पण मासे हलवले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर आबा आमच्या तळ्यावर नव्हतेच. चाचांच्या बांधावर उभे राहून डबा बडवत होते.

"आबा, ते आता चाचांचे हायत!" दीर ओरडला.

"व्हय. तिकडं गेले म्हून काय आपले नाय राहिले का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हीपण गेलोय की आबा, उस्मानपुऱ्याला. एकदा तरी मुक्कामाला आलात का?" हसत हसतच म्हटलं.

आबांनी डबा खाली ठेवला. माझ्या हातातला चहा घेतला, पाण्याकडं बघत संपवला.

"तुमच्याकडं यायला यष्टी किती वाजता असती?" त्यांनी विचारलं.