लांब ओढलेली शिट्टी

आमच्या चौकातला सिग्नल वर्षातले बरेच दिवस नुसता पिवळा लुकलुकत असतो. त्यामुळे विजापूर रोडवरून येणाऱ्या गाड्या, कॉलनीतून निघणाऱ्या स्कूट्या आणि उलट्या बाजूनं बिनदिक्कत घुसणाऱ्या रिक्षा, या सगळ्यांचा कारभार बिरप्पा हवालदारांच्या शिट्टीवर चालायचा. आमचं घर मेडिकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. गॅलरीत भाजी निवडायला बसलं की सगळा चौक समोर.

बिरप्पा सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शिडशिडीत अंगाचे, उन्हानं काळपटलेले, आणि लहानपणी टोचलेल्या कानाचं भोक अजून दिसणारे. इतर पोलीस चौकाच्या मध्यभागी उभे राहून हातवारे करतात. हे मात्र कडेला, झेब्रा पट्टीशी उभे असायचे. दुपारी मेडिकलच्या पायरीवर बसून तंबाखू मळायचे, तळहातावर थापा मारायचे. तो फट्फट् आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. एकदा वरून पाणी द्यायला गेले तेव्हा विचारलं, मध्ये का नाही उभे राहत. तर म्हणाले, सगळा कळप एकदम कधी पळत नाही. आधी एक पळतं, मग त्याच्या मागं बाकीची. तेवढं एक ओळखायचं.

"आणि ते कसं ओळखता?"

"नजरंवरनं. बाकीच्यांची नजर रस्त्यावर असती. पळणाऱ्याची फटीवर."

मग मीही बघायला लागले. गाड्या थांबल्या की ते त्यांतली नेमकी एक हेरायचे, तिच्याशेजारी जाऊन उभे राहायचे आणि हँडलवर नुसता हात ठेवायचे. बाकीच्या आपोआप थांबून राहायच्या. एकदा हेल्मेट नसलेला कॉलेजचा मुलगा गयावया करत होता, मामा, भाचा समजून सोडा की. बिरप्पा म्हणाले, "भाचा हायस म्हणून तर धरलं. परका असतास तर मरंना का म्हनलं असतं." आमच्या ह्यांनाही त्यांनी एकदा पट्टीच्या मागं गाडी घ्यायला लावली होती. मी गॅलरीतून पाहत होते हे ह्यांना कळलं होतं. त्या दिवशी चहा गपचूप प्यायला गेला.

त्यांच्या शिट्टीचेही प्रकार होते. गाड्यांना आखूड, तुटक. रिक्षावाल्यांना कान फाटेल अशी. आणि शाळांची गडबड ओसरली की रोज सकाळी एक निराळीच, लांब ओढलेली, शेवटी वर चढत जाणारी. ती वाजली की पलीकडच्या विजेच्या खांबाजवळ उभी असलेली, निळी पर्स खांद्याला लावलेली एक बाई रस्ता ओलांडायची. चाळिशीची असेल. रस्ता ओलांडताना आपण सगळे एकदा इकडं, एकदा तिकडं बघतो. ही सरळ नाकासमोर बघत यायची आणि बालवाडीच्या गल्लीत शिरायची. मला वाटायचं, काय ठसका आहे बाईचा.

दिवाळी झाल्यावर मेंढपाळांचे कळप चरायला बाहेर पडतात. एरवी ते बाहेरच्या रस्त्यानं जातात, पण त्या दिवशी तिकडं खोदकाम चालू होतं, म्हणून एक कळप आमच्या चौकात आला. त्याच वेळी कोणी मोठे पाहुणे शहरात येणार होते आणि बिरप्पांच्या वॉकीटॉकीवर रस्ता मोकळा करा, रस्ता मोकळा करा, असं सारखं चाललं होतं. अर्धा कळप रस्ता ओलांडून गेला आणि हॉर्न ऐकून उरलेली मेंढरं मधेच थिजली. दुसरा कोणी असता तर त्यानं मागची मेंढरं काठीनं मागं रेटून रस्ता मोकळा केला असता. बिरप्पांनी दोन्ही हात पसरून पाहुण्यांच्या पुढची पोलीस गाडी थांबवली, आणि तोंडातली शिट्टी लांब ओढून वर चढवली. मेंढरांनी माना वर केल्या आणि ती चालायला लागली. शेवटचं लंगडं कोकरू पलीकडं जाईपर्यंत हात खाली आले नाहीत.

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. ती शिट्टी मी रोज ऐकत होते. निळ्या पर्सवालीची शिट्टी.

व्हायचं ते झालं. साहेबांनी बोलावून घेतलं. बिरप्पांनी तिथंही सांगितलं म्हणे, की कळप मधे तोडायचा नसतो, आया एकीकडं आणि कोकरं एकीकडं झाली की दोन्ही गाड्यांखाली येतात. साहेबांनाही ते पटलं असावं, पण वरून विचारणा झालेली. बिरप्पांची ड्युटी आमच्या चौकातून उचलून जुन्या पुणे नाक्याला लागली, आणि त्यांच्या जागी एक नव्या हवालदार बाई येणार असं कळलं.

जायच्या आदल्या दिवशी ते जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टोपी हातात फिरवत दारातच उभे राहिले.

"ताई, एक काम हुतं. सकाळी ती निळ्या पर्सची बाई जाती ना, ती माझी मालकीण. रेश्मा."

मग तुटक तुटक सांगत गेले. लग्नात नजर चांगली होती. पुढं कडेचं दिसेनासं होत गेलं. आता नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसतं, बाजूनं येणारी गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. बरं होणारं दुखणं नाही म्हणतात. पोरंबाळं नाहीत, बालवाडीत शिकवते, तिचा सगळा जीव तिथंच. परतताना बालवाडीतल्या बायकांच्या घोळक्यात निभतं, प्रश्न सकाळचा. आणि हात धरलेला तिला खपत नाही. हात धरून न्यायचं असेल तर मी घरीच बसते, असं एकदा म्हणाली, तेव्हा बिरप्पांनी साहेबांच्या मागं लागून हा चौक मागून घेतला. ती शिट्टी म्हणजे त्यांच्या वडिलांची. वाट मोकळी असली की म्हातारा कळपाला तशी शिट्टी घालायचा.

"तिला कुटं म्हाईत हाय. तिला वाटतं मी समद्यांसाठीच तशी शिट्टी मारतोय."

नव्या येणाऱ्या बाईंना का सांगत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, तिला सांगितलं की वाहतूक शाखाभर होणार, मग रेश्माच्या कानावर जाणार. मी तिच्या आसपास रस्ता ओलांडावा, तिला न कळेल असा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"न्हाई जमलं तर बालवाडी सोड म्हनून सांगावं लागंल. ते माझ्यानं हुनार न्हाई." एवढं बोलून टोपी डोक्यावर ठेवली आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्या वेळेला दूध, कोथिंबीर, काहीतरी आणायला निघू लागले. नव्या हवालदार सिद्धेश्वरी तरण्याताठ्या, उत्साही. चौकाच्या मध्यभागी उभ्या राहून सगळ्यांना एकच शिट्टी. खांबाजवळ रेश्मा उभी. शिट्टी वाजायची, गाड्या थांबायच्या, सुटायच्या, पुन्हा थांबायच्या, आणि ती जागची हलायची नाही. पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरलेला. मी पुढं होऊन, जणू माझ्याच नादात, पाय जरा आपटत चालायला लागायचे. मग ती माझ्या मागं यायची.

असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी मी खांबाजवळ पोचले, तर तिनं मान न वळवताच विचारलं, आज काय आणायचंय? मी म्हटलं, कोथिंबीर.

"रोजच कोथिंबीर लागते तुमच्याकडं. त्यांनीच सांगितलं ना, ताई?"

मला खोटं बोलता आलं नाही. ती हसली. चिडली नव्हती.

"सासरी गेल्यावर सासऱ्यांच्या शिट्टीवर मेंढरं चालताना मी बघितल्यात. तेव्हा दिसत होतं मला सगळं. ती शिट्टी मला ओळखू येणार नाही होय? पहिल्या दिवशीच कळलं. आणि दुसरे पोलीस तशी मारत नाहीत, तेही कळलं. म्हणून ह्यांची सुट्टी असली की मी गुडघा दुखतोय म्हणून घरी राहायची."

"मग त्यांना बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? त्यांना वाटतंय मला कळत नाही. त्यात त्यांना किती बरं वाटतंय." तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "पण तुम्ही कुठवर कोथिंबीर आणणार? आणि ते काही मला बालवाडी सोड म्हणणार नाहीत. नुसते झुरतील. रात्री कूस बदलत पडलेले असतात, मला ऐकू येतं."

पुढं जे केलं ते तिला किती जड गेलं असेल, ते मी शेजारी उभी होते म्हणून मला माहीत आहे. मला म्हणाली, त्या पोलीस बाईंना जरा इकडं बोलवा. मी हात केला. सिद्धेश्वरी गाड्या थांबवून कडेला आल्या. रेश्मानं त्यांच्या आवाजाच्या दिशेनं चेहरा केला आणि सरळ सांगून टाकलं, की मी बिरप्पा हवालदारांची बायको, मला कडेचं दिसत नाही. ज्या गोष्टीबद्दल नवऱ्यानं इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं, ती तिनं भर चौकात चार वाक्यांत सांगितली.

"मला धरू नका. फक्त मी इथं दिसले की एक शिट्टी वेगळी मारा. लांब ओढायची आणि शेवटी वर न्यायची."

सिद्धेश्वरींनी मारून बघितली. मधेच फुटली. रेश्मा म्हणाली, ही तर कुकरची झाली. दोघी हसल्या. पुन्हा एकदा. आता लांब झाली पण वर चढेना. मागं थांबलेल्यांचे हॉर्न सुरू झाले, तशी सिद्धेश्वरींनी त्यांच्याकडं वळून अशी काही आखूड शिट्टी मारली की सगळे गप्प. मग म्हणाल्या, "वैनी, उद्यापर्यंत बसवते. घरी माझी आई वैतागणार बघा."

"त्यांना मात्र सांगू नका हं," रेश्मा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बिरप्पांची सुट्टी होती. मला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण गॅलरीत मेथी निवडत असताना खालून तळहातावर थापा मारल्याचा ओळखीचा आवाज आला. वाकून बघितलं तर ते साध्या कपड्यांत, इडलीच्या गाडीआड, अंग चोरून उभे. एरवी सुट्टीला गुडघा धरून घरी बसणारी बायको आज पर्स लावून निघाली होती, म्हणून दुसऱ्या वाटेनं तिच्या आधी येऊन थांबले असणार.

रेश्मा खांबाजवळ येऊन उभी राहिली. सिद्धेश्वरींनी तिला बघितलं, हात वर केला, आणि शिट्टी लांब ओढत वर नेली. म्हाताऱ्याच्या शिट्टीइतकी गोल नसेल, टोकाला जराशी चिरकलीच. पण रेश्मा निघाली. नाकासमोर बघत, संथ, रस्ता आपलाच असल्यासारखी. बिरप्पांचा मळता अंगठा तळहातावरच थांबला.

ती इडलीच्या गाडीजवळून जाताना जराशी थबकली, तंबाखूचा वास ओळखीचा असणार. मान वळवली नाही.

"सुट्टीच्या दिवशी तरी झोपायचं की," म्हणाली, आणि गल्लीत शिरली.

बिरप्पा होते तिथंच राहिले. मग हातातली तंबाखू तशीच झाडून टाकली आणि तिच्यामागं जावं की रस्ता ओलांडून घरी परतावं अशा घोटाळ्यात, आजूबाजूला न बघता, थेट रस्त्यात उतरले. तोवर गाड्या सुटल्या होत्या. आखूड, तुटक शिट्टी वाजली.

"ओ हवालदार," सिद्धेश्वरी ओरडल्या, "पट्टीच्या मागं व्हा."

बिरप्पा मुकाट्यानं पट्टीच्या मागं सरकले आणि गाड्या थांबायची वाट बघत उभे राहिले. उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत होते, पण मिशीखालचं हसू मला वरूनही दिसलं.