दाणे तपासायची डबी

आम्हाला दिव्यांचं काम देणाऱ्या साहेबांनी ते वाक्य उच्चारलं तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि एक शब्दही बोलले नाही. त्यांच्यावर आजही मला जो राग येतो, त्यातला निम्मा माझ्याच वाट्याचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

हिंगणीत आमचा बायकांचा गट शाळेच्या पोरांसाठी सौरदिव्यांच्या पट्ट्या तयार करायचा. बोटभर पट्टीवर बारके एलईडी तीन-तीनच्या रांगेत कथलाचे डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवायचे. त्यांना आम्ही दाणे म्हणायचो. रांगेतला एक दाणा मेला की अख्खी रांग अंधारी. बॅटऱ्या मात्र वर्ध्याला, साहेबांच्या ऑफिसात लागायच्या. म्हणजे आपण केलेला दिवा पेटतो की नाही, हे आम्हाला कधी पाहताच आलं नाही. घरात मूठभर डाळ न निवडता शिजवत नाही आम्ही, आणि इथे साहेब म्हणे, "कंपनीचा माल आहे, निवडायचं काम नाही." आम्हीही माना डोलावल्या.

वर आणखी एक हौस केली. प्रत्येकीने आपल्या पट्टीमागे आपल्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. माझा जांभळा. लाल होता एका गोंड बाईचा. ती जंगलाकडच्या टोल्यावरून, तिथल्या छोट्या वस्तीतून, चालत यायची. आमच्यात सगळ्यात सफाईदार हात तिचा. मी एक पट्टी करेपर्यंत तिच्या दोन व्हायच्या.

न पेटणाऱ्या पट्ट्या पोतं भरून परत आल्या. साहेबांनी त्या सतरंजीवर ओतल्या आणि मागचे ठिपके पाहत बसले. लाल जास्त निघाले. निघणारच ना! तिने केल्याच जास्त होत्या. ती पुढे होऊन म्हणाली, "साहेब, डाग पक्के हायेत. दाणाच मेलेला हाय."

साहेब हसले. "हात पाहा ना हिचे. कुऱ्हाडीचे हात हायेत हे. बारीक काम कसं जमन?"

तिने पदराखाली हात घेतले. उद्यापासून येऊ नको, असं तिला तिथेच सांगितलं. आणि आम्ही अकरा जणी, ज्यांना तिनेच डाग द्यायला शिकवलं होतं, सतरंजीची दशी पाहत बसलो. कुऱ्हाडीचे हात म्हणे! या माणसाने जन्मात एक डाग दिला नव्हता.

दाणा खरंच मेलेला आहे का ते पाहायचं म्हणून थोडे दाणे पदरात बांधून घरी आले. भजनी मंडळाच्या बिनतारी माइकची चौकोनी, नऊ व्होल्टची बॅटरी नवऱ्याच्या पेटीत होती, ती मागून घेतली. एक लाल, एक काळी अशा दोन तारा, तारांच्या टोकांना शिवणाच्या दोन सुया. दाण्याला टेकवल्या, तो लख्खकन पेटला आणि कायमचा विझला. दुसराही तसाच. सेलूच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो वैतागला. "बाई, थेट बॅटरीच्या तोंडी दिला तं तो मरनारच. मधात हजार ओमचा रेझिस्टन्स लावा." त्याने जुन्या रेडिओतून तांदळाएवढा एक रेझिस्टन्स काढून दिला. तो लाल तारेत जोडला, सगळं कुंकवाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं आणि सुया बाहेर ठेवल्या. लाल तारेची सुई दाण्याच्या अधिक बाजूला, काळीची उण्याला. दाणा जिवंत असेल तर पेटतो, नाहीतर नाही. एवढं सोपं होतं हे. एवढंही आम्हाला कोणी दिलं नव्हतं.

साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांच्याच हाताने सीलबंद पाकीट फोडायला लावलं. शंभर दाण्यांत एकोणीस मेलेले निघाले. "उलटी लावून पाहा सुई," ते म्हणाले. उलटी लावली. मेलेला तो मेलेलाच. मग परत आलेल्या लाल ठिपक्यांच्या पट्ट्या घेतल्या. दर अंधाऱ्या रांगेत मेलेला दाणा सापडला. डाग एकही सुटलेला नव्हता.

"ठीक आहे, माल बदलून देऊ," साहेब म्हणाले आणि डबीचा फोटो काढू लागले. वर्ध्याला दाखवायला! मी डबी उचलून ओटीत घेतली. "आधी तिले बोलवा, मंग फोटो काढा," एवढं तरी त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं. "तुम्हीच सांगा ना तिला," म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. चुकलो, हा शब्द काही त्या माणसाच्या तोंडातून पडला नाही.

डबी घेऊन मी टोल्यावर गेले. ती भिंत लिंपत होती. तिने हात धुतले, पुसले, डबी घेतली आणि मी नेलेले दाणे एकेक करून तपासले. मी भडाभडा सगळं सांगत होते. एकोणीस दाणे, साहेबांचं पडलेलं तोंड, तुझे डाग कसे पक्के निघाले. माझी अपेक्षा होती की ती खूश होईल.

तिने शेवटचा दाणा खाली ठेवला.

"हे तं मी तवाच सांगतलं होतं ताई," ती म्हणाली. "मी सांगतलं तं तुमाले पटलं नाई. बॅटरीनं सांगतलं तं पटलं."