नेटफोनवरची बाई

आमच्या तांड्यावर खुशाली नुसती सांगत नाहीत, रडून सांगतात. बऱ्याच दिवसांनी दोन बाया भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडायला लागतात. ते दुःखाचं रडणं नसतं, रीत असते. कोण वारलं, कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, हे सगळं त्या रडण्यातच येतं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. मग डोळे पुसून चहा. एकटीनं रडत बसायचं नसतं. जिच्या रडण्याला उत्तर मिळालं नाही, ती बाई अपमान झाल्यासारखी घरी जाते.

ही रीत महाग आहे, हे आखातात जाऊन फोनची कार्डं विकत घ्यायला लागेपर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं.

आमचा तांडा सेनगाव तालुक्यातला. मी सातवीत शाळा सोडली, थापी हातात घेतली आणि भिंतींना गिलावा करत करत समुद्रापलीकडे पोचलो. तांड्यावर फोन नव्हता. शुक्रवारी माझी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी आमची याडी, म्हणजे आई, जीपला लटकून सेनगावला यायची. तिथं एक रिटायर झालेले कारकून फोनचा बूथ चालवायचे, त्यांच्या बाकावर बसून राहायची. त्या काकांनी येणाऱ्या फोनचा एक रुपया कधी तिच्याकडून घेतला नाही. उलट उन्हाची आली की आधी पाणी द्यायचे. आज त्यांच्याबद्दल बोलताना मी आपोआप उभा राहतो.

पहिल्या शुक्रवारी मी तिथल्या टेलिफोन कंपनीचं कार्ड आणलं. आवाज असा साफ, की बूथमधल्या पंख्याची कुरकुर ऐकू यावी. याडीनं 'हॅलो' म्हटलं नाही. सरळ सूर लावला. मी घड्याळाकडे बघून राहिलो. एक मिनिट गेलं. दोन गेली. माझ्या कपाळावर घाम.

"याडी, रडणं राहू दे. आधी घरची खबर सांग."

पलीकडे सूर तुटला. नुसता पंखा.

"याडी?"

"खबरच तर सांगून राहिले होते," ती म्हणाली. "तुझ्या काकाचा पाय मोडला, इथवर आले होते. आता इसरले पुढचं."

आणि फोन बूथवाल्या काकांच्या हातात देऊन ती निघून गेली. तिला वाटलं, पोरगं रागावलं. मला पुढचे सात दिवस झोप नाही. काकाचा पाय मोडला एवढं कळलं होतं, पण कसा, कुठं, काहीच नाही. पुढच्या शुक्रवारी आधी पाच मिनिटं माफी मागितली, त्यातच अर्धं कार्ड गेलं.

मग मी एक वही केली. शाळेत कधी इतक्या सरळ रेघा मारल्या नव्हत्या. कार्डाचं नाव, किंमत, मिनिटं, आवाज, आणि शेवटचा रकाना: रडणं. या शेवटच्या रकान्यावर खोलीतले सगळे हसायचे, पण खरी परीक्षा तिथंच होती. लाल रंगाचं एक कार्ड स्वस्त होतं, पण लांब सूर लागला की त्याला वाटायचं कोणी बोलतच नाही, आणि ते मधेच मुकं व्हायचं. दुसरं एक कार्ड मिनिटं जास्त सांगायचं आणि नंबर लावेपर्यंतच त्यातली दोन खायचं. कंपनीचं कार्ड आवाजात पहिल्या नंबरचं, पण बारा मिनिटांत खल्लास. याडीचा तर नुसता रामराम आठ मिनिटांचा.

शेवटी मागच्या गल्लीतला एक मलबारी दुकानदार भेटला. तांदळाच्या पोत्यांमागे त्यानं दोन कॉम्प्युटर ठेवले होते. त्यावरून इंटरनेटनं फोन लागायचा. सगळं चोरून चालायचं, म्हणून शटर अर्धं खाली असायचं, वाकून आत जायचं. कार्डाच्या बारा मिनिटांच्या पैशांत पाऊण तास! मी वहीत त्या ओळीभोवती चौकट काढली. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. आपण बोललेलं पलीकडे पोचायला वेळ लागायचा, म्हणून दोघं एकदम बोलायचो आणि दोघं एकदम गप्प बसायचो.

मी घाबरत घाबरत विचारलं, "याडी, आवाज कसा येऊन राहिला?"

ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्यासंगं ती बाई कोण हाये?"

"कोणती बाई?"

"मी रडले की माझ्यामागं रडून राहिली ती. खरं सांग. लगीन केलं का तिकडं?"

मी मागं वळून पाहिलं. तांदळाची पोती. दुकानदाराला विचारलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "भाई, तुम्हारी माँ का ही आवाज है." स्पीकरमधून आलेला तिचा सूर माझ्या माईकमध्ये शिरत होता आणि एक-दीड सेकंदानं तिचा तिलाच परत ऐकू जात होता. मी हे याडीला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मला काय माझा आवाज वळखू येत न्हाई व्हय? ती पातळ आवाजाची हाये. आपल्याच लोकांतली हाये, सूर बराबर उचलते."

त्या दिवसापासून याडी खूश. परमुलखात पोरगं एकटं नाही, रडायला सोबत बाई आहे, हे तिनं अख्ख्या तांड्याला सांगितलं. मी चुकून कंपनीचं कार्ड लावलं तर लगेच विचारायची, "आज ती काहून न्हाई आली?" वहीतला सगळ्यात भिकार आवाज याडीच्या लेखी सगळ्यात चांगला ठरला होता. मी शेवटच्या रकान्यात लिहिलं: उत्तम. आणि वही बंद केली.

ती पुन्हा उघडायला लागली बहिणीच्या लग्नात.

माझी ती एकुलती धाकटी बहीण. दोन वर्षांचा करार, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, गावी जायला सुट्टी नाही. आमच्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. आईच्या, बापाच्या, आणि सगळ्यात जास्त भावाच्या. बाप आम्हाला लहानपणीच सोडून गेलेला. भावाच्या गळ्याची जागा रिकामी ठेवून ती सासरी निघाली, तर बाया जन्मभर बोलून दाखवतील, आणि मलाही जन्मभर ऐकू येत राहील.

बूथवाल्या काकांनी तोवर मोबाइल घेतला होता. ते म्हणाले, "मी तांड्यावर घेऊन जातो. तू फक्त वेळेवर लाव." तांड्यावर रेंज एकाच जागी यायची, शाळेच्या ओट्यावर. आदल्या शुक्रवारी तालीम केली. नेटफोनवरून मोबाइलवर बोललेलं चाळणीतून पडल्यासारखं पोचत होतं. बहीण म्हणाली, "भिया, तुझं नुसतं अ... अ... येऊन राहिलं." लग्नाचा दिवस मोकळा मिळावा म्हणून मी रात्रपाळी मागून घेतली आणि कंपनीचं सगळ्यात मोठं कार्ड आणलं. वीस मिनिटं. एकदाच, पण साफ.

त्या दिवशी मलबाऱ्याच्या दुकानातल्या साध्या फोनवर मी उभा. मागे सात-आठ जणांची रांग. फोन लागला. काकांचा आवाज आला, "धर रे," आणि मग बहिणीचा श्वास. असा साफ, की तिच्या हातातली बलोरी, म्हणजे चुडा, वाजलेली ऐकू आली. लांब कुठंतरी जीपचा हॉर्न.

तिनं सूर लावला. भिया, तू भिंती बांधतो लोकांच्या, माझ्या वाटेला दार कोण लावील? असं काहीसं. त्या वेळी सुचलं ते तिनं गायलं. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली.

मला कळेना. मी घड्याळाकडे बघत राहिलो.

"भिया, तिकडं कोणी न्हाई का?"

मागून याडी: "ती बाई कुटं गेली? उचलायला सांग तिला!"

तेव्हा मला उमगलं. साफ आवाजाच्या नादात मी उत्तर देणारीलाच मागं पोत्यांआड ठेवून आलो होतो. नवरी ओट्यावर उभी, तिचं रडणं अधांतरी, जीप हॉर्न वाजवतीय आणि कार्ड संपत चाललंय. पुरुषानं या रडण्यात तोंड घालायचं नसतं. भावानं नुसतं डोक्यावर हात ठेवायचा असतो. पण माझा हात एवढा लांब पोचत नव्हता.

मी रांगेकडे पाठ केली, डोळे मिटले आणि सूर लावला.

याडीचं ऐकून ऐकून चाल पाठ होती. शब्द फुटतील तसे. बाई गं, दार मी लावतो, कडी तू लाव. आवाज फाटला. पलीकडे बहीण फसकन हसली, "भिया रडून राहिला!" आणि ओटाभर बाया हसल्या.

"दात काय काढता?" याडी कडाडली. "उचल त्याची वळ!"

बहिणीनं उचलली. मग मी. मग ती. मधे कार्डातली बाई इंग्रजीत एक मिनिट उरल्याचं सांगून गेली, तिच्या अंगावरून आम्ही रडत पुढं गेलो. शेवटची ओळ बहिणीची होती. ती पुरी झाली आणि फोन तुटला. बराबर पुरी झाली.

वळून पाहिलं तर रांगेतलं कोणी हसत नव्हतं. एका पठाणानं पाण्याची बाटली पुढं केली. दुकानदारानं चहा मागवला. त्या रांगेतल्या एकाचंही नाव मला आज आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

पुढच्या शुक्रवारी मी वाकून शटरखालून आत गेलो आणि नेटफोन लावला. याडी मनसोक्त रडली. तिची तीच तिला उत्तर देत होती. मी ऐकत बसलो. सगळं झाल्यावर भीत भीत विचारलं, "याडी, लग्नातलं माझं कसं झालं?"

"झालं बरं," ती म्हणाली. "पोरगी हसत जीपमधी बसली, आमच्या तांड्यावर असं कधी झालं न्हाई." आणि वर, "पर खरं सांगू का लेकरा? गळा त्या बाईचाच गोड हाये. तू आपला गिलावा कर."