मुद्दाम वाकडा केलेला दात

लवंगतेलाचा उग्र, किंचित गोड वास आणि खालच्या उपाहारगृहातून वर चढणारी तळणाची खमंग वाफ, यांचा संगम या आखाती शहरातल्या करामा वस्तीतल्या माझ्या दवाखान्यात रोज संध्याकाळी होतो. पूर्वी मला त्याचा वैताग यायचा. आता तो नसला तर चुकल्यासारखं वाटतं. माणूस जगापासून काय काय लपवतो, पण दातांच्या डॉक्टरसमोर एकदा आ वासला, की सारं आयुष्यच उघडं पडतं!

गेल्या हिवाळ्यात दारातून वाकून आत आलेला तो कॅनडाचा गृहस्थ मला असाच उमगला. वरचे पुढचे चार दात गायब, बोटांची पेरं सुजून वेडीवाकडी झालेली. इथल्या एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर तो मुलांना आइस हॉकी शिकवतो. तरुणपणी मात्र त्याचं काम निराळंच होतं. आपल्या संघातल्या एखाद्या चपळ खेळाडूला कुणी आडवं पाडलं, की हातमोजे भिरकावून त्या पाडणाऱ्याशी मुठींनी भिडायचं. एन्फोर्सर म्हणतात त्याला. अशी सोळा वर्षं! गोल किती केलेत, असं विचारलं तर म्हणाला, "एका हाताची बोटं पुरतील, डॉक्टर." खरं सांगते, मला संतापच आला. दुसऱ्याच्या नाजूक पावलांसाठी कुणी आपलं तोंड असं फोडून घ्यावं का?

आणि इतकी वर्षं न बसवलेले दात आत्ताच का? तर आईसाठी. तिकडे वृद्धाश्रमात तिची स्मृती विरत चालली आहे. तिच्या लेखी लेक अजून शाळकरीच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती ते खिंडार नव्यानं पाही आणि "कुणी मारलं माझ्या बाळाला?" म्हणून नव्यानं रडे. हल्ली तो कॅमेरा बंद ठेवून बोलत होता, पण नुसता आवाज तिला ओळखू येत नव्हता. चेहरा दाखवावा तर रडू, लपवावा तर परका! शेकडो ठोसे झेललेला तो माणूस माझ्या खुर्चीत हुंदके देऊ लागला, तेव्हा माझेही डोळे भरून आले.

त्यानं शाळेतला एक फोटो आणला होता. त्यात पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. त्याला तस्साच हवा होता. शहराच्या देरा भागातल्या, दात घडवणाऱ्या लॅबचा आमचा कारागीर मात्र दोनदा सुबक, सरळ रांग करून पाठवता झाला. "मॅडम, जानबूझकर टेढा? मेरा नाम खराब होगा!" मी म्हटलं, "टेढाही चाहिए भाई, यल्ला, जल्दी करो!" आयुष्यभर लोकांचे दात सरळ करण्यात धन्यता मानणारी मी, एका वाकड्या दातासाठी हमरीतुमरीवर आले होते! सौंदर्य म्हणजे प्रमाणबद्धता, असं आम्हांला शिकवलं. पण कुणाच्या तरी ओळखीचं असणं, हेही सौंदर्यच नव्हे का?

दात बसले, तेव्हा इथे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ होती. "इथूनच लावू का फोन?" त्यानं विचारलं. एकट्यानं लावायची त्याला भीती वाटत होती. पडद्यावर पांढऱ्या केसांतला एक इवलासा चेहरा उमटला. तो दात दाखवून हसला. ती पडद्याजवळ सरकून त्याचं तोंड न्याहाळू लागली.

"अरे वा," ती म्हणाली, "आज न सांगताच दात घासलेस!"

"हो, आई," तो कसाबसा म्हणाला. आणि शाळेला उशीर होतोय म्हणून ती त्याला मनसोक्त रागावू लागली.