बिरूआप्पांनी माघारी धाडलेलं औषध

बिरूआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेमकी उंदरांची वजनं घेत होते. कासुर्डीहून त्यांचा मुलगा बोलत होता. "आप्पा पहाटं गेलं, म्याडम. झोपेतच," एवढंच म्हणाला तो. माझ्या हातातला उंदीर वळवळत होता आणि मला काय आठवावं, तर आप्पांचं करवादणं, "जितराब असं लोंबकळत धरू नगा."

नव्वदच्या दशकाअखेरीस मी कारेगावजवळच्या एका औषध कंपनीत लागले, तेव्हा आप्पा तिथलं ॲनिमल हाऊस सांभाळायचे. माणसांना देण्याआधी नवं औषध उंदीर-सशांवर तपासतात, ती ही जागा. आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. आल्या आल्या पिंजऱ्यांखालचे ट्रे ओढून ते आधी लेंड्या बघायचे. मला किळस यायची. माझी डिग्री पुण्याची आणि तोरा डिग्रीहून मोठा. तपासणीसाठी उंदीर मारावे लागत त्या दिवशी मात्र आप्पा चहाला शिवत नसत, ते मला आवडायचं.

सांधेदुखीवरच्या एका औषधाची चाचणी ही माझी पहिली स्वतंत्र जबाबदारी. पाय सुजलेले उंदीर, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, हे सूज मोजणाऱ्यालाही कळू नये म्हणून बाटल्यांवर फक्त आकडे आणि उत्तर बंद पाकिटात. तिसऱ्याच दिवशी आप्पा कानाशी आले. "वरच्या रॅकात औषध हाय. चालत्यात बगा कशी." मी अशी भडकले की विचारू नका. "पाकीट उघडेपर्यंत या उंदरांबद्दल माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही, आप्पा." त्यांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, "पर हे औषध आमच्या मंडळीच्या गुडघ्याला चालंल का? चुलीपुढनं उठताना भिंत धरती." चालेल की, मी ऐटीत सांगितलं.

शब्दाचे इतके पक्के, की मी आत गेले की ते भिंतीकडे तोंड करून झाडायचे. चेहऱ्यावरून कळेल म्हणून. निम्म्यांची सूज उतरत होती, मी हवेत होते, साहेब प्रमोशनचं बोलू लागले होते. आणि एका सकाळी माझ्या वहीवर कागदाचा तुकडा, त्यावर डांबरासारख्या काळ्या, चिकट लेंड्या. शेजारी आप्पा, तोंड मिटून उभे. चार दिवस बघत होते, हे मागाहून कळलं, पण शब्द दिला होता ना...

"बोला आता," मी म्हटलं.

"वरच्या रॅकातल्या हायत. आतून रगत जातंय त्यांचं."

तो कागद केरात टाकावा असं, खरं सांगते, क्षणभर वाटलं. पण साहेबांकडे घेऊन गेले. पाकीट उघडलं, वरच्या रॅकात औषधच होतं; तिथले उंदीर तपासले, जठरभर जखमा होत्या. औषध तिथेच थांबलं, माझं प्रमोशनही. त्या रागात मी आप्पांशी दोन दिवस बोलले नाही, याची आजही लाज वाटते.

तेरावं झाल्यावर कासुर्डीला गेले. आप्पांच्या मंडळी, म्हणजे मामी, भिंत धरून उठल्या. मला तोंड वर करवेना. त्यांना आशा मीच लावली होती, तसं बोलूनही टाकलं.

मामी हसल्या. "ठावं हाय. ह्ये घरी येऊन म्हनलं, तुझं औषध आलं व्हतं, म्याच माघारी धाडलं. मी म्हनलं, ब्येस केलं. गुडघं ऱ्हाऊ द्या, प्वॉट तरी शाबूत हाय. लई हासलो दोघं... बसा, जेवल्याबिगर जायचं न्हाई."

रडायला म्हणून गेलेली मी, पोटभर जेवून आले.