तीनदा तोललेली पोरगी

एक सांगा, तुमची पोर एका गुणानं मठ्ठ ठरली, तर तुम्ही पोरीला झापाल की मोजणाऱ्याला?

काटेवाल्यानं आधी पोरीलाच झापून पाहिलं. दोन मिनिटांत त्याचं त्यालाच हसू आलं. तीस वर्षं दुकानोदुकानी तराजू दुरुस्त करत हिंडलेला माणूस तो. कुठलाच काटा अगदी बरोबर नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि इथे एका नामांकित कॉलेजची किमान गुणांची रेघ ६१२ वर, आणि त्याच्या धाकटीला प्रवेश परीक्षेत ६११.

"एकदा तोललेलं खरं धरायचं नाही," तो म्हणाला. "माल दुसऱ्या पारड्यात टाकून पुन्हा तोलायचा. बस परत परीक्षेला."

"बाबा, मी काय बटाटे आहे?"

"बटाटे बरे. उलटून तरी बोलत नाहीत."

धाकटी पुढच्या फेरीला बसली. ६४०! बापलेक नाचतच प्रवेशाच्या खिडकीवर गेले. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला.

"दोन महिन्यांत एकोणतीस गुण वाढले? काका, परीक्षेला हीच बसली होती ना?"

"नाही, उसनी आणली होती!"

"मग सिद्ध करा. शेवटच्या फेरीला आमच्या माणसासमोर बसायचं आणि बरोबर ६४० पाडायचे."

"आणि जास्त पडले तर?"

कारकुनानं नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. "जास्त पडणार नाहीत."

धाकटी बापावर गेलेली. तिनं ६५५ पाडले.

"आता तर संशय वाढला," कारकून घाम पुसत म्हणाला. "तिन्ही निकालांचा मेळ बसत नाही. म्हणून पहिलाच धरायचा. ६११. पुढचा कोण?"

तेव्हा काटेवाल्याचं डोकं सटकलं. पण शिवी न देता त्यानं पिशवीत हात घातला. एकच दगड तीनदा ठेवला आणि तीन वजनं आली, तर दोष दगडाचा नसतो. असा काटा सापडला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची, आणि ज्यानं बांधली त्यानंच दुरुस्ती पाहून ती सोडायची, हा त्याच्या धंद्याचा कायदा. त्यानं खिडकीच्या गजाला तारेनं चिठ्ठी आवळली आणि शिशाची गोळी दाबून तिच्यावर आपला शिक्का उमटवला. 'बंद. काटा चुकतो.'

कारकुनानं चिठ्ठी वाचली, शिक्का निरखला. शिक्क्यापुढे त्याची मान जन्मभर खालीच. त्यानं निमूटपणे झडप ओढून घेतली. "दुसऱ्याचा शिक्का तोडायला आम्हाला नियम नाही," आतून आवाज आला.

प्रवेश ठप्प! तिसऱ्या दिवशी प्राचार्य धापा टाकत आले.

"अहो, सोडा ती चिठ्ठी. तुमच्या मुलीला आत्ता जागा देतो."

काटेवाल्याचा हात तारेकडे गेला. खोटं कशाला सांगायचं, गेलाच. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता.

"बाबा," धाकटी कानाशी पुटपुटली, "माझ्या मागे ६१० वाली उभी आहे. तिच्यामागे ६०९. त्यांना कोणी दुसऱ्यांदा तोललंय?"

"तुझी जागा जाईल, बाळा."

"जाऊ दे. म्हणजे, जाऊ नये. पण हात काढा तो."

त्यानं हात काढला. "साहेब, काटा दुरुस्त करा, मग बोलवा."

"दुरुस्त म्हणजे नक्की काय करू?"

"रेघेच्या आसपासच्या प्रत्येक पोराला समोर बसवा. बोला त्याच्याशी. तोंड आहे त्याला!"

आज नववा दिवस. प्राचार्यांनी समिती नेमली. समिती रोज येते, चिठ्ठीचा फोटो काढते आणि चहाला जाते. धाकटी पायरीवर बसून रेघेखाली राहिलेल्यांची यादी लिहिते. तिची स्वतःची जागा अजून अधांतरीच आहे. तुमच्या घरी असं एखादं पोर असेल, तर त्याचा निकालाचा कागद घेऊन उद्या सकाळी त्या पायरीवर या. आणि कितीही घाई असली, तरी लाल चिठ्ठीला हात लावू नका.